अप्पर आर्म

हासुरामच्या बाकड्यावर तीन जोड्या मांडल्यात
मागच्या आठवड्याच्या पेपरवर, निधनवार्तांच्या पानावर.
बाहेर रबाळ्याच्या एमआयडीसीत
दुसऱ्या पाळीचा भोंगा नुकताच होऊन गेलाय.

पहिली जोडी राजकोटची. नळीची, काळ्या पावडर कोटिंगची,
वेल्ड असे की नाणी एकावर एक कलती करून ठेवावीत.
दुसरी अॅल्युमिनियमची, अख्ख्या ठोकळ्यातून कोरलेली,
परदेशी. कस्टमने पेटी फोडून पुन्हा चिकटवलेली.
इतकी हलकी की हातात घेतली की शंकाच येते.
तिसरी जुनीच, पत्रा दाबून घडवलेली,
एकोणनव्वद सालापासून कॉन्टेसाखाली,
त्यातली शेवटची अकरा वर्षं माझ्या.

मी अठ्ठावीस वर्षं घणसोलीत भूमिती शिकवली.
दोन बाजू आणि त्यांतला कोन दिला
की त्रिकोण ठरतो, हे फळ्यावर खरं होतं.
इथे त्रिकोण चालतो.
खड्ड्यात चाक खाली जातं, वर येतं,
आणि ते उभं राहणार की कलणार
हे वरच्या आर्मची लांबी ठरवते.
दोन मिलिमीटर.
तेवढ्यावर टायरची आतली कड
दिवाळीपर्यंत टकली.

"रबराचा बुश घे, बाई," हासुराम म्हणतो. "पॉली नको.
पॉली समदा सांगतं. खडी, सांधा, गटाराचा झाकण, समदा.
रबर थोडा पोटात ठेवतं."
तो उभा आहे त्या शेडखाली
त्याच्या चुलत्याची भातखाचरं होती.
त्यावर तो कधी बोलत नाही.

मी वहीत रकाने आखते.
वजन. किंमत. बॉल जॉइंट सुटा मिळतो का.
ग्रीस भरायला निपल आहे का.
राजकोटला आहे. परदेशीला नाही,
त्याच्या कागदावर लिहिलंय: सीलबंद, आयुष्यभरासाठी.
कोणाच्या, ते लिहिलेलं नाही.

डावीकडचा जुना आर्म सोडवताना
बोल्टामागून शिमा खाली पडल्या.
उजवीकडे निघाली होती एक, इथे चार.
चारांतली एक कारखान्याची नव्हे,
बिस्किटाच्या डब्याचा पत्रा, छिन्नीने कापलेला,
कोपऱ्यावर अजून निळं अर्धं फूल.

हासुरामने ती चिंधीने पुसली,
ट्यूबलाइटकडे धरली,
कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. पुन्हा फिरवलं.
"यो माजा हात हाय."
मी हसले. तो हसला नाही.
"त्या छिन्नीचा दात तुटलेला. खाच दुहेरी परायची, ही बग.
तवा मी पोऱ्या होतो, वागळेत, सोळा नंबर रोडला.
उस्ताद जेवाया गेलेला. गाडी डावीकडं खेचत होती,
मापाची शिम नव्हती. कापली.
कोनाला सांगितला नाय."

गाडी माझ्याआधी कोणाकोणाची होती
ते आरसीबुकात आहे, तीन नावं, तीन शिक्के.
चौथं नाव एवढं पातळ असेल
असं मला वाटलं नव्हतं.

राजकोट बसवले. बुश रबराचे.
परदेशी पेटी मी पुन्हा बांधली, सुतळीने,
पुतण्याला काय सांगायचं ते ठरवत.
हासुरामने मडगार्डवरून ओळंबा सोडला:
उजवं चाक सरळ,
डावं किंचित बाहेर झुकलेलं,
उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या पोरासारखं.
त्याने नव्या शिमांचं पाकीट उघडलं,
चाळलं, बंद केलं,
आणि खिशातून ती बिस्किटाची काढली.

बिलात त्याने तिचीही ओळ लिहिली: शिम, एक.
पुढचा रकाना कोरा.

ऐरोलीच्या पुलावर मी स्टिअरिंगवरचे हात उचलले.
एक. दोन. तीन.
हासुराम शेजारी बसला होता,
रस्त्याकडे नाही, माझ्या रिकाम्या हातांकडे बघत.
चारला मागच्या टँकरने हॉर्न दिला.